जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात होळी पेटली की हे प्रश्न यायला लागतात आणि पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत थांबत नाहीत. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापगंज, मकरपुरा. विचारणारे बहुतेक आपलेच लोक, घरातली पंचवीस-चाळीस वर्षांची दोन दारांची गाडी जिवापाड जपणारे. माझ्याकडे १९८९ ची गाडी आहे. तिच्या एसीमागे माझे तीन उन्हाळे गेले, त्यात जे कळलं ते इथे लिहिलं आहे. कुठलंही उत्तर सुटं वाचलंत तरी चालेल. तीच गोष्ट दोनदा नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. एसीमध्ये नेमकं काय होतं? सोप्या भाषेत सांगा.

एसी थंडी तयार करत नाही, केबिनमधली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबल्यामुळे तो तापतो. गाडीच्या नाकाशी, बहुधा रेडिएटरच्या पुढे, कंडेन्सर असतो. तिथे ही उष्णता वाऱ्यावर जाते आणि गॅसचा द्रव होतो. द्रव ड्रायरमधून (ओलावा शोषणारा छोटा डबा) गाळून एक्स्पान्शन वाल्व्हच्या बारीक भोकातून डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. तिथे दाब एकदम उतरतो, द्रव उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून खेचून घेतो. मग गॅस परत कॉम्प्रेसरकडे. हे चक्र डोक्यात पक्कं बसलं की पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

२. दर एप्रिलला गॅस भरावा लागतो. जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच ना?

नाही चालायचं. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, ऑइलसारखा खराब होत नाही. बंद नळ्यांमध्ये गोल फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गेला. जुन्या रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून थोडा झिरपतो, तेव्हा चार-पाच वर्षांनी थोडा कमी भरला तर समजू शकतो. दरवर्षी मात्र नाही.

आपल्याकडे गॅरेजात गेज लावलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘गेस ओछो छे’. वाक्य खरं असतं, पण ते निदान नाही. गॅस कमी का झाला याचं उत्तर न शोधता नुसता भरणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मी दोन वर्षं तेच केलं. तिसऱ्या वर्षी डाव्या हेडलाइटच्या मागे एका होजच्या टोकाला, जिथे रबर ॲल्युमिनियमच्या पाइपावर दाबून बसवलेलं असतं, तिथे बोटभर काळी, तेलकट धूळ दिसली. तीच गळती होती. हेडलाइटचं बकेट काढल्याशिवाय ती जागा दिसतच नव्हती.

खरं नुकसान गॅसचं नाही, तेलाचं आहे. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं आणि गळतीतून गॅसबरोबरच जातं. वर्षामागून वर्ष फक्त गॅस भरला तर एक दिवस कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. पाचशे रुपयांच्या ओ-रिंगचा (जोडातल्या रबरी कडीचा) खर्च वाचवताना कॉम्प्रेसर गमावलेले तीन जण मला ठाऊक आहेत.

३. गॅरेजला नेण्याआधी घरी काय तपासू?

बरंच काही, आणि फक्त हात-डोळे वापरून. इंजिन चालू करा, एसी लावा, बॉनेट उघडा. सैल कपडे, ओढणी, मफलर बेल्टपासून लांब ठेवा.

आधी कान द्या. एसीचं बटण दाबताच कॉम्प्रेसरकडून ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन किंचित दबतं. पुलीच्या पुढची चकती, म्हणजे कॉम्प्रेसरचा क्लच (गिअरचा नव्हे), पुलीबरोबर फिरायला लागली पाहिजे. आवाजच आला नाही तर फ्यूज आणि रिले बघा. गॅस अगदी कमी असला तरी प्रेशर स्विच मुद्दाम क्लच लागू देत नाही, कॉम्प्रेसर वाचावा म्हणून. तेव्हा ‘क्लच लागत नाही म्हणजे क्लच गेला’ असं लगेच धरू नका.

मग कंडेन्सरसमोरचा पंखा फिरतोय का ते पाहा. कंडेन्सरच्या जाळीत किडे, सुकलेली पानं, पिशवीचा तुकडा काय काय अडकलंय ते पाहा. स्पोर्ट्स कारचं नाक जमिनीला टेकलेलं, त्यामुळे रस्त्यावरचा सगळा कचरा हीच गाडी गोळा करते. पाण्याने हलक्या धारेने आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशरने पातळ पत्रे आडवे होतात.

पाच-सात मिनिटांनी केबिनच्या भिंतीपाशी जाणाऱ्या दोन पाइपांना हात लावा. जाड पाइप गार, घाम आलेला हवा. बारीक पाइप कोमट ते गरम. दोन्ही सारखेच लागले तर गॅस फिरत नाही. शेवटी प्रत्येक जोडावर, ड्रायरच्या टोपीवर, कॉम्प्रेसरच्या पुढच्या तोंडावर तेलाचा डाग शोधा. तिथेच गळती असण्याची शक्यता सर्वांत जास्त. हे सगळं कागदावर लिहून मिस्त्रींना दाखवलंत तर तुमचा आणि त्यांचा तासभर वाचेल.

४. माझ्या गाडीत आर-१२ आहे की १३४-ए, कसं ओळखू?

आर-१२ हा एसीचा जुना गॅस, १३४-ए त्याच्या जागी आलेला. बॉनेटखाली स्टिकर शिल्लक असेल तर त्यावर प्रकार आणि वजन दोन्ही असतं. नसेल तर गॅस भरायची तोंडं बघा. आर-१२ ची तोंडं आट्यांची, स्क्रू करायची. १३४-ए ची दाबून ‘कट्’ बसणारी. लो (कमी दाबाच्या) बाजूचं १३ मिलिमीटर आणि हाय (जास्त दाबाच्या) बाजूचं जाडसर १६. साधारणपणे १९९२-९५ च्या दरम्यान श्रीमंत देशांत बनणाऱ्या बहुतेक गाड्या बदलल्या. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घ्या, १९९३ पर्यंत आर-१२ आणि १९९४ च्या मॉडेलपासून १३४-ए. पण आट्यांवर जुनं ॲडॉप्टर चढवून मधल्या मालकाने काय भरलं ते तोंड बघून सांगता येत नाही. शंका असेल तर सगळा गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या आणि पाटी कोरी करून पुन्हा सुरुवात करा.

५. आर-१२ आता मिळतो का? नसेल तर १३४-ए वर गाडी कशी आणायची?

आर-१२ हा ओझोनचा थर खाणारा सीएफसी. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर श्रीमंत देशांनी तो १९९६ पर्यंत बंद केला, भारतासह विकसनशील देशांनी २०१० पर्यंत. आता बाजारात कोणी ‘ओरिजिनल आर-१२’ म्हणून सिलिंडर पुढे केला तर हात लावू नका. आत काय आहे याची कोणी हमी देऊ शकत नाही.

बदल करणं अवघड नाही, पण ते पूर्ण करावं लागतं. जुना गॅस मशीनने काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. कॉम्प्रेसर उतरवून त्यातलं मिनरल तेल उपडं करून निथळायचं, कारण १३४-ए मध्ये मिनरल तेल विरघळत नाही. ते कूलिंग कॉइलच्या तळाशी बसून राहतं आणि कॉम्प्रेसर तहानलेला. नवीन तेल एस्टर घालावं असं माझं मत. नव्या गाड्यांत पॅग तेल असतं, पण आर-१२ चे क्लोरीनचे अवशेष पॅगला बिघडवतात, शिवाय ते हवेतलं पाणी झपाट्याने पितं. एस्टर जुन्या अवशेषांना जास्त सोसतं.

ड्रायर नवीन, १३४-ए ला चालणारा. सगळ्या ओ-रिंग एचएनबीआर रबराच्या, तेल लावून बसवलेल्या. त्या बहुतेक हिरव्या मिळतात, पण रंगावर विसंबू नका, दुकानदाराला रबर विचारा. तोंडांवर नवीन कपलर. हाय प्रेशर स्विच नसेल तर तो लावाच. गॅस भरताना आर-१२ च्या मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्क्यांपासून सुरुवात करायची: स्टिकरवर १००० ग्रॅम असेल तर ८०० घालून गेज आणि हवेचं तापमान बघत थोडं थोडं वाढवायचं. शेवटी बॉनेटखाली नवं लेबल, कुठला गॅस, किती, कुठलं तेल, तारीख. पुढच्या माणसावर मेहरबानी होते.

आता खरी मेख. आपल्या मे महिन्याच्या ४२ अंशांत १३४-ए चा हाय साइडचा दाब आर-१२ पेक्षा जास्त जातो. जुना कंडेन्सर एकाच नळीचा, सापासारखा वळणं घेणारा असतो. तो दिल्लीच्या जानेवारीत पुरेल, बडोद्याच्या मेमध्ये नाही. जागेत बसणारा पॅरलल-फ्लो (अनेक बारीक समांतर नळ्यांचा) कंडेन्सर आणि जोरकस पंखा हा या बदलातला सगळ्यात कामाचा खर्च आहे. पैसे मोजकेच असतील तर ते इथे घाला.

६. मिस्त्री म्हणतात, काही बदलू नका, एक वेगळा गॅस आहे, जुन्यात तसाच चालतो.

विचारा की तो गॅस कुठला. बहुतेक वेळा तो प्रोपेन-ब्यूटेनचं मिश्रण निघतो, म्हणजे स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा भाऊ. गार छान करतो, हे खरं. पण कूलिंग कॉइल केबिनच्या आत असते. ती फुटली तर तो गॅस तुमच्या पायाशी साचतो, आणि जुन्या गाडीत ठिणगी टाकणाऱ्या वायरी कमी नसतात. मी तो कोणाच्याही गाडीत भरू देणार नाही.

दुसरा धोका स्वस्त, बिलाशिवायच्या १३४-ए च्या डब्यांचा. त्यात मिथाइल क्लोराइड मिसळलेलं आढळलं आहे. ते ॲल्युमिनियमशी मिळून असं संयुग बनवतं की हवा लागताच पेट घेतं. २०११ मध्ये जहाजांवरच्या रेफ्रिजरेटेड कंटेनरचे स्फोट याच भेसळीमुळे झाले होते, माणसं दगावली होती. सीलबंद डबा, पक्कं बिल, नामांकित उत्पादक. यात काटकसर नको.

७. गळती शोधायची खात्रीची पद्धत कोणती?

एक नाही, दोन-तीन पद्धती एकमेकींना जोडून. संपूर्ण रिकामी यंत्रणा असेल तर रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन, सुमारे १५० पीएसआय (दाबाचं माप) पर्यंत, आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस. बुडबुडा फुगतो तिथे बोट ठेवा. टायरमध्ये भरतात ती कॉम्प्रेसरची हवा कधीही वापरू नका. तिच्यात पाणी असतं. ऑक्सिजन तर नाहीच, तेलाशी गाठ पडली की स्फोट.

बारीक गळतीला साबण पुरत नाही. तिथे यूव्ही डाय, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारा रंग. गॅसबरोबर डाय घालून आठ-दहा दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, मग रात्री पोर्चमधला दिवा घालवून यूव्ही टॉर्च फिरवा. गळतीची जागा पोपटी चमकते. माझी ती हेडलाइटमागची गळती शेवटी अशीच पक्की झाली. भाच्याने टॉर्च धरला होता, आणि होजच्या कडेने हिरवी रेघ उजळली तेव्हा तीन उन्हाळ्यांचा हिशेब लागला.

कूलिंग कॉइल डोळ्याला दिसत नाही. तिच्यासाठी इलेक्ट्रॉनिक स्निफर पाणी बाहेर पडायच्या नळीच्या तोंडाशी धरतात. गाडी बंद करून थोडा वेळ थांबल्यावर, कारण गॅस हवेपेक्षा जड, खाली उतरतो. त्या नळीतून टपकणाऱ्या पाण्यात डायचा हिरवा रंग दिसला तर प्रश्न १४ वाचायची तयारी ठेवा.

होज बदलायची वेळ आली तर: मकरपुरा जीआयडीसीत हायड्रॉलिक होजची टोकं दाबून बसवून (क्रिंप करून) देणारे आहेत, पण हायड्रॉलिकची होज एसीला चालत नाही. आतून नायलॉनचा थर असलेली बॅरियर होज घेऊन जा आणि जुनी टोकं तिच्यावर क्रिंप करून घ्या. टोकांचा कोन फिरायला नको म्हणून काढण्याआधी मार्करने रेघ मारा.

८. गॅस भरण्याआधी पंपाने व्हॅक्यूम करतात, तो किती वेळ ठेवायचा? आमच्याकडे दहा मिनिटांत आटोपतात.

किमान ४५ मिनिटं, पावसाळ्यात उघडलेली यंत्रणा असेल तर दोन तास. व्हॅक्यूमचा हेतू हवा काढणं एवढाच नाही. दाब इतका उतरवायचा की आतलं पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होऊन निघून जावं. त्याला वेळ लागतो. नंतर पंप बंद करून अर्धा तास काटा तिथेच राहतो का ते पाहा. पण काटा हलला नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका. व्हॅक्यूममध्ये सील आत ओढलं जातं, दाबाखाली बाहेर ढकललं जातं. खरी परीक्षा नायट्रोजनची, प्रश्न ७.

९. गेजचे आकडे कसे वाचायचे?

१३४-ए साठी, इंजिन १५०० आरपीएमवर, दारं उघडी, ब्लोअर फुल. लो बाजू साधारण ३० ते ४० पीएसआय. हाय बाजूसाठी एक ढोबळ हिशेब: बाहेरचं तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या आणि २.२ ते २.५ ने गुणा. ४० अंश सेल्सियस म्हणजे १०४ फॅरनहाइट, म्हणजे २३० ते २६०.

दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त तर गॅस जास्त, किंवा कंडेन्सरला वारा नाही, किंवा आत हवा राहिली. लो जास्त आणि हाय कमी, तर कॉम्प्रेसर आतून थकला. लो शून्याकडे किंवा त्याखाली चालला तर वाट अडली आहे, बहुधा एक्स्पान्शन वाल्व्हशी. एसी बंद असताना दोन्ही काटे सारखे असतातच, आणि तो आकडा फक्त बाहेरचं तापमान सांगतो. ४० अंशांना बंद गाडीत १३० च्या आसपास दिसेल, मग आत २०० ग्रॅम असो की ८००. म्हणून बंद गाडीवर गेज लावून ‘गॅस फुल आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गॅस वजनावरच मोजायचा.

१०. वीस-पंचवीस मिनिटं मस्त गार, मग गरम. थोडा वेळ बंद ठेवला की परत गार. हे काय आहे?

हा माझा आवडता प्रश्न, कारण नीट लक्ष दिलं तर गेजशिवाय उत्तर मिळतं. गरम हवा यायला लागली की डॅशबोर्डवरच्या जाळीसमोर हात धरा.

वाराच कमी झाला असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरलाय. थर्मोस्टॅटची सुईसारखी नळी कॉइलमधून निसटली असेल, किंवा थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला थांबवत नसेल. एसी बंद केल्यावर गाडीखाली भसाभस पाणी पडतं ती हीच खूण.

वारा तेवढाच, पण गरम, आणि क्लच लागलेला असेल तर आत ओलावा आहे. पाण्याचा कण एक्स्पान्शन वाल्व्हच्या भोकात गोठतो, वाट बंद होते, थांबल्यावर वितळतो. नवीन ड्रायर आणि प्रश्न ८ मधला लांब व्हॅक्यूम.

वारा तेवढाच, आणि क्लच सुटलेला असेल तर क्लचची फट वाढली आहे. झिजून ही फट ०.४ ते ०.८ मिलिमीटरच्या पुढे गेली की गरम झालेल्या क्लच कॉइलचं चुंबक चकतीला ओढू शकत नाही. चकतीमागची एक शिम (पातळ वॉशर) काढली की काम होतं. या शिमसाठी अख्खा कॉम्प्रेसर बदललेला मी पाहिला आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. क्लचला पुरेसा करंट मिळतोय का, हेही मीटर लावून बघा. जुन्या रिलेचे आणि अर्थिंगचे जोड असाच दगा देतात.

११. अहमदाबाद एक्सप्रेस-वेवर बर्फासारखा, मांडवीत शिरलं की भट्टी.

कंडेन्सरला वारा मिळत नाही. एक्सप्रेस-वेवर गाडीचा वेग वारा पुरवतो, न्यायमंदिर-मांडवीच्या गर्दीत तो पंख्यालाच पुरवावा लागतो. पंखा फिरतो का, योग्य दिशेने फिरतो का (वायर उलट जोडल्याची उदाहरणं आहेत), आणि एसी लावताच लागतो का ते बघा. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या कुजून पडलेल्या असतात. मग पंखा रेडिएटरमागची गरम हवाच परत ओढतो. शंभर रुपयांच्या फोमच्या पट्टीने सिग्नलवरचा दाब लक्षात येण्याइतका उतरतो. इंजिनचा काटाही चढत असेल तर आधी कूलिंग सिस्टिम बघा, एसी नंतर.

१२. प्रेशर बरोबर, पाइप गारेगार, तरी जाळीतून कोमट हवा. मिस्त्रींनी हात टेकले.

एसी गार करतोय आणि हीटर ते पुसून टाकतोय. जुन्या गाडीत ही तक्रार गॅसच्या तक्रारीइतकीच असते, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

हीटरच्या दोन होज हाताने चाचपा. एसीवर, तापमान सगळ्यात गारला, आणि तरी दोन्ही होज चटका देत असतील तर हीटर वाल्व्ह बंद होत नाही. कुठे केबल निसटते, कुठे व्हॅक्यूमची नळी तडकते. काही जुन्या मर्सिडीजमध्ये वाल्व्ह विजेवर चालतो आणि करंट नसेल तर उघडाच राहतो. खात्रीसाठी हीटरची होज तात्पुरती क्लॅम्पने दाबून गाडी फिरवून बघा. हवा गार झाली तर चोर सापडला.

हीटर वाल्व्ह निर्दोष निघाला तर हवेची झडप. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत या झडपांना फोम चिकटवलेला होता. तीस वर्षांत तो काळ्या भुशासारखा होतो. ब्लोअर फुल केल्यावर जाळीतून काळे कण मांडीवर पडत असतील तर तो हाच. झडपेची भोकं उघडी पडतात आणि गरम हवा मधूनच घुसते. ॲल्युमिनियम टेप आणि बंद पेशींचा नवा फोम लावा, पण जुना गोंद आधी पूर्ण खरवडा.

१३. कॉम्प्रेसरचा आवाज येतो. नवीनच घ्यायचा का?

एसी बंद असताना घरघर, लावल्यावर बदलली तर पुलीचं बेअरिंग. ते सुटं बदलता येतं. शाफ्ट सील आणि क्लच कॉइलही सुटी मिळतात. सँडेनचे जुने पाच-पिस्टनवाले आणि डेन्सोचे १०पी जातीचे कॉम्प्रेसर सील-बेअरिंग घालून आणखी पुष्कळ वर्षं चालतात. आतून लोखंडाचा किस निघाला, तेल राखाडी-काळं आलं, तर मात्र बदला. आणि मग नुसता कॉम्प्रेसर नाही: पाइप फ्लश करा, ड्रायर आणि एक्स्पान्शन वाल्व्ह नवीन घ्या. पॅरलल-फ्लो कंडेन्सरच्या केसासारख्या नळ्या फ्लशने स्वच्छ होत नाहीत, तोही बदला. हे टाळलं तर तोच किस नव्या कॉम्प्रेसरला खाईल.

१४. कूलिंग कॉइल गळते. डॅशबोर्ड काढायला मन धजत नाही.

समजतं. तीस वर्षांचं प्लास्टिक हात लावताच तडकतं. थंडीत काढू नका, उन्हात तासभर उभी करून मग काढा; प्लास्टिक मऊ असतं. प्रत्येक टप्प्याला फोटो, प्रत्येक स्क्रू नाव लिहिलेल्या पाकिटात. आणि एकदा डॅशबोर्ड निघाला की कॉइलसोबत एक्स्पान्शन वाल्व्ह, हीटर कोअर, झडपांचा फोम, ब्लोअर मोटर सगळं त्याच वेळी करा. तिथे पुन्हा जायची वेळ यायला नको. गळती थांबवणारं औषध घालून बघू का, हा पुढचा प्रश्न असतो. नको. ते हवेशी, ओलाव्याशी घट्ट होतं, वाल्व्ह तुंबवतं, आणि रिकव्हरी मशीनही बिघडवतं.

१५. माझी एअर-कूल्ड पोर्शे ९११ आहे. इंजिन मागे. वरचं सगळं लागू पडतं का?

तत्त्व तेच, अंतर वेगळं. १९७४ ते १९८९ च्या ९११ मध्ये कॉम्प्रेसर मागे, एक कंडेन्सर इंजिनच्या झाकणात, दुसरा पुढे नाकात, कूलिंग कॉइल पुढच्या डिकीच्या बाजूला. म्हणजे होज गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मूळ होज साध्या रबराच्या. एवढ्या लांबीतून झिरपणारच. म्हणून या गाडीत प्रश्न २ ची सूट थोडी जास्त, आणि बॅरियर होज हा पहिला खर्च. झाकणातल्या कंडेन्सरची उष्णता इंजिनचा पंखाच आत ओढतो, तेव्हा भर उन्हात ट्रॅफिकमध्ये फार अपेक्षा ठेवू नका. मागच्या चाकाच्या कमानीत स्वतःचा पंखा असलेला तिसरा कंडेन्सर बसवतात, त्याने खरा फरक पडतो.

१६. गाडी महिनोन्‌महिने झाकून असते. एसीसाठी काही करावं का?

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लावा, थंडीतही. शाफ्ट सीलला तेल मिळत राहतं. सुकलेलं सील गळतं.

१७. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात गाडी सीटपर्यंत बुडाली होती. एसी वाचेल?

यंत्रणा भरलेली आणि बंद होती तर आत पाणी गेलेलं नसतं, कारण आतला दाब बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. आधीच गळकी, रिकामी होती तर पाणी शिरलेलं धरा, आणि ड्रायर, तेल बदलून लांब व्हॅक्यूम द्या. बाहेरच्या गोष्टी मात्र दोन्हीकडे बघाव्या लागतात: ब्लोअर मोटर, तिचा रेझिस्टन्स, क्लचचं बेअरिंग, कंट्रोल पॅनलचं सर्किट. कूलिंग कॉइलच्या पेटीत गाळ बसतो, पाण्याची नळी तुंबते, मग पावसाळ्यात पायाशी पाणी साचतं आणि कुबट वास जात नाही. ती पेटी उघडून धुतल्याशिवाय सुगंधी स्प्रेने काही होणार नाही. पुढच्या वेळी पाण्यातून काढलेली गाडी सुरू करू नका. विम्यासाठी फोटो आणि बॅटरीची तार काढणं, एवढंच आधी.

१८. काचांना काळी फिल्म लावली तर भार कमी होईल?

होईल, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फिल्मवर बंदी आणली. उभ्या गाडीत समोरच्या काचेला चंदेरी पडदा लावा, आणि ट्रान्समिशन टनेलवरच्या गालिच्याखाली उष्णतारोधक थर द्या. खाली बसायच्या गाडीत बरीच उष्णता पायाकडूनही येते.

१९. किती गार झालं म्हणजे बरोबर?

मधल्या जाळीत स्वयंपाकाचा थर्मामीटर खोचा. ४० अंशांच्या दुपारी, चालत्या गाडीत, पंधरा मिनिटांनी १० ते १४ दिसलं तर तुमची जुनी गाडी उत्तम काम करतेय. पावसाळ्यात बाहेर ३२ असूनही तेवढंच गार होईल, कारण हवेतलं पाणी काढण्यातच कॉइलची ताकद जाते.

२०. प्रदर्शनात ठेवायची आहे. नवा कॉम्प्रेसर, नवा कंडेन्सर बसवल्याने गुण जातील का?

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात ‘२१ गन सॅल्यूट’ ही जुन्या गाड्यांची स्पर्धा झाली, तेव्हापासून हा प्रश्न सारखा येतो. तिथे मूळ रूपाला मान असतो. म्हणून काढलेला एकही भाग भंगारात देऊ नका. मूळ कॉम्प्रेसर, ब्रॅकेट, आट्यांची तोंडं, सगळ्या भोकांना बूच लावून, तेल पुसून, लेबल लावून पेटीत ठेवा. नवा भाग मूळच्या ब्रॅकेटवर, मूळच्या भोकांत बसेल असाच घ्या, बॉडीला नवं भोक पाडू नका. माझ्या गाडीचा सापासारखा जुना कंडेन्सर माळ्यावर आहे, पातळ पत्रे एकेक सरळ करून, जुन्या चादरीत गुंडाळलेला.